गूगल स्कॉलर: जनावरांच्या लिव्हरच्या केसेससाठी कितपत कामाचं? माझा सहा वर्षांचा अनुभव

सहा वर्षं झाली, मी गूगल स्कॉलर, म्हणजे शास्त्रीय पेपर शोधायचं गूगलचं साधन, जवळपास रोज वापरतेय. मराठीत कोणी जनावरांच्या डॉक्टरने त्याबद्दल नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, सकाळी गाई-म्हशी-शेळ्या आणि संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं. शिरवळला बीव्हीएससी आणि परळला एमव्हीएससी, पण कॉलेज सुटलं की लायब्ररी सुटते आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या नोट्सवरच सगळं चालतं, हे आमच्यातल्या सगळ्यांना माहितीय. आधीच सांगून टाकते, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईल.

सुरुवात झाली राणीपासून. राणी म्हणजे साडेपाच वर्षांची लॅब्राडोर, ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, भरपूर वाढलेलं, आणि कुत्री मात्र एकदम ठणठणीत, खातेय, पळतेय, कावीळ नाही, उलटी नाही, काही नाही. महिनाभर लिव्हर टॉनिक दिलं, परत तपासलं तर तेवढंच, अजून एक महिना दिलं तर आधीपेक्षा जास्त. अशा वेळी टॉनिक बदलायचं आणि अजून वाट बघायची ही आपल्याकडची सवय आहे, मीही तेच करत आले होते. त्या रात्री मात्र चैन पडेना म्हणून स्कॉलर उघडलं आणि लॅब्राडोर, क्रॉनिक हेपॅटायटिस (लिव्हरची जुनाट सूज) असं टाकलं. वरच्या काही निकालांतच २००६ चा एक पेपर आला, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाचा, लॅब्राडोरमध्ये लिव्हरमध्ये तांबं साठून होणाऱ्या हेपॅटायटिसवरचा. मध्यम वयाचे कुत्रे, त्यात माद्या जास्त, आणि तांबं साठतं ते लिव्हरच्या खंडिकेच्या, म्हणजे सूक्ष्म कप्प्याच्या, मधोमध. राणीचंच वर्णन वाचतेय असं वाटलं. तांब्याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता, कारण शिकताना तांबं म्हणजे बेडलिंग्टन टेरियर एवढंच एका ओळीत शिकलो होतो आणि बेडलिंग्टन टेरियर मी आयुष्यात पाहिलेला नाही.

त्या पेपरच्या लेखकांत शेवटचं नाव होतं यान रोथाउझेन. शोधाच्या चौकटीत ऑथर, कोलन आणि नाव असं टाकलं की एकाच माणसाचं काम समोर येतं, ते टाकलं आणि पुढचे तीन तास कसे गेले कळलं नाही. इथे पहिली महत्त्वाची टीप: ज्यांनी स्वतःचं प्रोफाइल बनवलंय त्यांच्या पानावर पेपर आधी साईटेशनच्या क्रमाने लागलेले दिसतात, म्हणजे जास्त उल्लेख झालेला सगळ्यात वर, पण वर्षाच्या शीर्षकावर क्लिक केलं की कालक्रमाने लागतात. प्रोफाइल नसेल तर डावीकडे वर्षांची रेंज टाकून पाच-पाच वर्षांचे तुकडे करून बघायचं. मी असंच बघितलं. कालक्रमाने बघितलं की त्या माणसाने आयुष्यभर कशाचा पाठपुरावा केला ते दिसतं, साईटेशनच्या क्रमाने बघितलं की इतरांना त्यातलं काय हवं होतं तेवढंच दिसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते स्कॉलर वापरणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

आता रोथाउझेन यांचंच बघा. १९८२ मध्ये त्यांचा आणि पॅथॉलॉजिस्ट वान डेन इंग यांचा एक पेपर आहे, लिव्हर खराब असलेल्या कुत्र्यांत गुदद्वारातून अमोनियाची टॉलरन्स टेस्ट कशी करायची यावर. अगदी साधी, दवाखान्यात करता येण्यासारखी गोष्ट. मग २००२ मध्ये एक मोठा पेपर येतो, बेडलिंग्टनमध्ये तांबं साठण्यामागचा जीन सापडल्याचा. त्यात व्हेटरनरीवाले आणि माणसांच्या जेनेटिक्सवाले एकत्र, आणि छापलाय माणसांच्या जेनेटिक्सच्या जर्नलमध्ये. तो जीन पुढे कॉमडी-वन नावाने ओळखला जायला लागला. २००६ मध्ये जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेच्या लिव्हर गटाचं प्रमाणीकरणाचं पुस्तक, म्हणजे बायोप्सीत, लिव्हरचा तुकडा काढून तपासल्यावर, काय दिसलं की त्याला काय म्हणायचं याबद्दल सगळ्यांनी एकच भाषा वापरावी म्हणून केलेलं. त्या गटात माणसांच्या लिव्हरचे बेल्जियमचे नामवंत पॅथॉलॉजिस्ट डेस्मेट पण होते. त्याच वर्षी तो लॅब्राडोरचा पेपर. आणि २०१६ मध्ये त्याच उट्रेख्ट गटाकडून लॅब्राडोरचे दोन जीन, माणसांतल्या विल्सन आणि मेन्केस या तांब्याच्या आजारांचेच, एकमेकांच्या उलट काम करतात हे दाखवणारा पेपर. अमोनियाच्या टेस्टपासून जीनपर्यंतचा हा सगळा प्रवास एका संध्याकाळी, फुकटात, तालुक्याच्या गावात बसून बघायला मिळाला. हे मला खरंच फार मोठं वाटतं. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉलर सुरू झालं तेव्हा त्यामागे अनुराग आचार्य होते, खडगपूर आयआयटीचे, आणि त्यांच्यासोबत अॅलेक्स व्हर्स्टाक. त्या दोघांचे मनापासून आभार मानते.

आता साईटेशनच्या आकड्यांबद्दल. कॉमडी-वनचा पेपर आणि अमोनियाच्या टेस्टचा पेपर यांचे आकडे शेजारी ठेवले आणि त्यावरून मोठं-छोटं ठरवलं तर ते चूक होईल. कॉमडी-वन हे प्रोटीन पेशीत अजून बऱ्याच ठिकाणी काम करतं हे नंतर कळलं, त्यामुळे पेशीविज्ञानवाले त्या पेपरचा उल्लेख करतात ज्यांनी आयुष्यात कुत्र्याला इंजेक्शन दिलेलं नाही. त्यात वाईट काहीच नाही, विज्ञान असंच वाढतं. पण आमच्या क्षेत्रातल्या पेपरचा आकडा मोठा होतो तो बऱ्याचदा माणसांच्या मेडिसिनवाल्यांनी तो उचलला म्हणून. जो पेपर फक्त कुत्र्याच्याच कामाचा आहे तो पंचवीस-तीस उल्लेखांवर थांबतो आणि तोच माझ्या टेबलावरच्या कुत्र्याला लागतो.

एच-इंडेक्सचंही तसंच. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेलं ते माप, अर्थ सोपा आहे: एखाद्याचा एच-इंडेक्स २० म्हणजे त्याचे २० पेपर असे आहेत की प्रत्येकाला किमान २० साईटेशन आहेत. स्कॉलरच्या प्रोफाइलवर त्याच्या खालीच आय-टेन दिसतो, म्हणजे दहा किंवा जास्त साईटेशन असलेले पेपर किती. आता जनावरांच्या लिव्हरवर आयुष्यभर काम करणारे जगात किती? मोजके. माणसांच्या लिव्हरवर? हजारो. मग एकमेकांना उद्धृत करणारेही त्याच प्रमाणात असणार, त्यामुळे या दोन क्षेत्रांतल्या माणसांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे माणदेशातल्या जिरायतीची कोकणातल्या भाताशी तुलना, पाऊसच वेगळा. शिवाय हा आकडा कमी कधीच होत नाही, माणूस रिटायर झाला तरी चढतच राहतो, आणि स्वतःच स्वतःचा उल्लेख केलेला पण त्यात मोजला जातो. आपल्याकडे आता मुलाखतीत आणि बढतीत हा आकडा विचारतात. विचारा, पण सोबत एक पेपर उघडून वाचा पण, एवढंच माझं म्हणणं.

अजून एक, वान डेन इंग यांचं. हा माणूस पॅथॉलॉजिस्ट, लेखकांच्या यादीत बऱ्याचदा मध्ये कुठेतरी, आणि नावाची आद्याक्षरं पाच, टी एस जी ए एम. एखाद्या जर्नलमध्ये पाचही छापलेली, दुसरीकडे दोनच, आणि आडनावाचे तीन तुकडे. अशा माणसाचं काम शोधायचं तर एका शोधात भागत नाही, तीन-चार प्रकारे नाव टाकून बघावं लागतं. आणि बायोप्सीच्या काचा बघून ज्याने निदान केलं तो यादीत मधेच आहे म्हणून त्याचं काम दुय्यम नसतं, लिव्हरच्या आजारात तर नाहीच नाही, कारण इथे सगळं शेवटी काचेवरच येऊन थांबतं.

राणीचंही तिथेच आलं. स्कॉलरवर त्या २००६ च्या पेपरखाली 'साईटेड बाय' म्हणून दुवा असतो, म्हणजे यानंतर कोणी कोणी याचा उल्लेख केला. माझ्या दृष्टीने सगळ्या स्कॉलरमध्ये हीच एक गोष्ट सोन्याची आहे. पुस्तकातले संदर्भ तुम्हाला मागे नेतात, हे पुढे नेतं. तिथून चालत चालत मी २०१९ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या कन्सेन्सस स्टेटमेंटला (तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनाला) पोचले, कुत्र्यांच्या क्रॉनिक हेपॅटायटिसचं निदान आणि उपचार, वेब्स्टर, सेंटर, कलेन, ट्वेट, वॉटसन अशी या क्षेत्रातली दिग्गज मंडळी एकत्र बसून लिहिलेलं, आणि ते जर्नल सगळ्यांना मोकळं आहे, एक पैसा पडत नाही. त्यात स्पष्ट आहे की एसजीपीटी टिकून वाढलेलं असेल तर कुत्रा बरा दिसतो म्हणून थांबायचं नाही, बायोप्सी करायची, लिव्हरच्या एकापेक्षा जास्त लोबमधून (भागांतून), आणि तांबं मोजायचं. सुक्या वजनाच्या दर ग्रॅमला ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात.

मालकांना समजवायला वेळ लागला. "मॅडम, ती तर बरी आहे, मग पोट कशाला कापायचं?" हा प्रश्न चुकीचा नाहीये, त्यांच्या जागी मी असते तर मीपण विचारला असता. मी तो पेपर प्रिंट काढून त्यातला आलेख समोर ठेवला, मराठीत समजावलं, तेव्हा ते पुण्याला गेले. पहिला तुकडा एवढा बारीक आला की पॅथॉलॉजिस्टला काही सांगता येईना, परत जावं लागलं, त्या लोकांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही झाले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी नमुना घेणाऱ्याला आधीच फोन करून किती तुकडे आणि केवढे ते बोलून घेते. दुसऱ्या वेळी रोडॅनिन स्टेनवर, म्हणजे तांबं दाखवणाऱ्या रंगावर, मधोमध लालसर-केशरी कण, भरपूर. तांबंच.

आणि मग घरी काय खायला देता हे नीट विचारलं तर राणीच्या घरच्या काकू म्हणाल्या, "कलेजी देतो की रोज, रक्त वाढतं ना." रोज कलेजी, आणि प्यायला तांब्याच्या घंगाळात रात्रभर ठेवलेलं पाणी, कारण घरातली माणसं पण तेच पितात. प्रेमानेच दिलेलं सगळं. कलेजी म्हणजे तांब्याचं कोठारच, आणि ज्या कुत्रीला तांबं बाहेर टाकता येत नाही तिला हे दोन्ही रोज. तयार खाद्याचा मुद्दा वेगळाच, त्यावर सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये लिहिलंय की कुत्र्यांच्या खाद्यातल्या तांब्याच्या मर्यादेचा फेरविचार करायची वेळ आली आहे. तो लेख पण मला 'साईटेड बाय' मधूनच मिळाला. औषध माणसांच्या विल्सनच्या आजाराचंच, पेनिसिलामिन, उपाशीपोटी. डोस इथे लिहीत नाही, प्रत्येक कुत्र्याचा वेगळा विचार करावा लागतो, आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आता कुत्र्यांवरून गाई-शेळ्यांवर येते, कारण माझी अर्धी प्रॅक्टिस ती आहे आणि तिथे स्कॉलरची दुसरी बाजू दिसते.

आमच्या डोंगराला घाणेरी, म्हणजे लँटाना, माजलेली आहे, काही जण टणटणी म्हणतात. एरवी जनावर तिला तोंड लावत नाही पण उन्हाळ्यात चारा संपला की किंवा बाहेरून विकत आणलेलं, ओळख नसलेलं जनावर असलं की खातं. मग दोन-तीन दिवसांत रवंथ बंद, पोट गच्च, डोळे पिवळे, आणि उन्हात उभं राहिलं की पांढऱ्या चट्ट्यांवरची आणि नाकपुडीवरची कातडी सोलून निघते. संकरित गाईंत तर बघवत नाही. एका मामांची गाभण एचएफ (होल्स्टीन) गाय अशीच आली होती. तेव्हा मी शोधलं, आणि या विषयात ज्या माणसाचं नाव सगळीकडे येतं ते परदेशातलं नाही, आपल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिमाचलमधल्या पालमपूर केंद्रातले ओ. पी. शर्मा. १९८८ मध्ये मक्कर आणि डावरा यांच्यासोबतचा त्यांचा घाणेरीवरचा आढावा, मग १९९१ मध्ये लँटाडीन-ए या विषाचे स्फटिक वेगवेगळ्या रूपात असतात आणि रूपाप्रमाणे विषारीपणा बदलतो हे दाखवणारं काम बायोकेमिकल टॉक्सिकॉलॉजीच्या जर्नलमध्ये, आणि २००७ मध्ये परत एक सविस्तर आढावा. गिनी पिगवर वर्षानुवर्षं केलेलं, चिकाटीचं काम. मला फार अभिमान वाटला वाचताना.

पण ओ. पी. शर्मा असं नुसतं टाकून बघा. सगळ्या विषयांतले सगळे शर्मा येतात. आपल्याकडच्या नावांचं हे दुखणं आहे, एस. पाटील, ए. जोशी टाकलं तर काय होईल तुम्हीच बघा. नावासोबत विषयाचा एक नेमका शब्द जोडायचा, इथे लँटाना, मग यादी स्वच्छ होते. आणि कोणाचं प्रोफाइल बघत असाल तर पेपरची यादी डोळ्याखालून घाला, कारण मशीन नावावरून पेपर जोडतं आणि माणसाने ते तपासलेलं असेलच असं नाही. लिव्हरच्या यादीत मधेच उसाच्या रोगाचा पेपर दिसला तर तो आकड्यातही मोजला गेलेला असतो.

आणि इथेही तेच, जे उट्रेख्टच्या बाबतीत दिसलं. शर्मांच्या आढाव्यांचा उल्लेख आज कोण करतं ते 'साईटेड बाय' मध्ये बघितलं तर तणांवर काम करणारे, जंगलवाले, आणि लँटाडीनपासून कॅन्सरचं औषध होतं का बघणारे औषधशास्त्रवाले. गाईवर उपचार करणारे त्यात थोडेच. गर्दी मोठी, पण माझ्या मामांच्या गाईचं उत्तर त्या गर्दीत मागे कुठेतरी. शेवटी तिथल्याच चौकटीत टिक करून त्या उल्लेखांच्या आतच चारकोल शब्द शोधला. ही सोय 'साईटेड बाय' उघडल्यावर वरच दिसते, फार कमी लोक वापरतात. त्या पेपरांच्या संदर्भांतून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं १९८४ चं काम मिळालं, अॅक्टिव्हेटेड चारकोलचं, आणि १९९१ चं बेंटोनाइट मातीचं, जी स्वस्त पडते पण गुण जरा उशिरा येतो. कारणही समजलं: पोट बंद पडल्यामुळे विष कोठ्यातच राहतं आणि तिथून हळूहळू रक्तात जातच राहतं, म्हणून नुसत्या सलाईन आणि लिव्हरच्या इंजेक्शनने भागत नाही, आतलं विष धरून ठेवणारं काहीतरी नळीने पोटात घालावंच लागतं, आणि जनावर सावलीत बांधायचं. मामांची गाय वाचली, वासरू मात्र राहिलं नाही.

कापलेला एक स्टार कशासाठी, ते आता सांगते. पहिलं कारण, स्कॉलर नेमकं काय काय धुंडाळतं याची यादी ते देत नाहीत, त्यामुळे एखादी गोष्ट तिथे दिसली नाही म्हणजे ती झालीच नाही असं समजायचं नाही. आपल्या विद्यापीठांतले कितीतरी एमव्हीएससीचे प्रबंध, घाणेरीवरचे, चपट्या कृमींवरचे, शेळ्यांच्या लिव्हरवरचे, मला कृषिकोशवर, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या ऑनलाइन साठ्यात, मिळाले जे स्कॉलरच्या यादीत वर कधीच आले नाहीत. दुसरं, चांगलं जर्नल आणि पैसे घेऊन काहीही छापणारं जर्नल एकाच रांगेत एकाच रंगात दिसतं, ओळखायची जबाबदारी तुमची. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या अमेरिकन सरकारी साठ्यावर, ही चाळण बरी असते आणि विषयाचे ठरलेले शब्द असतात, प्राण्यांच्या हेपॅटायटिससाठी वेगळा शब्दच आहे, म्हणून उपचाराचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मी दोन्हीकडे बघते. पण पबमेडवर जुनी भारतीय जर्नल्स आणि पुस्तकं नीट मिळत नाहीत, तिथे परत स्कॉलरच.

तिसरं म्हणजे पेपर दिसतो पण उघडत नाही. ही चूक स्कॉलरची नाही, पण अनुभवाचा भाग आहे. एका जर्नलने आठ पानांसाठी जेवढे पैसे मागितले तेवढ्यात माझ्याकडे चार शेळ्यांचं औषध होतं. 'ऑल व्हर्जन्स' वर क्लिक करा, बऱ्याचदा लेखकाने विद्यापीठाच्या साठ्यात मोकळी प्रत ठेवलेली असते. नाही मिळाली तर लेखकाला दोन ओळींची मेल करा, मी आजवर जितक्या केल्या त्यातल्या बऱ्याच जणांनी दोन दिवसांत पीडीएफ पाठवली. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना, ही फार चांगली गोष्ट झाली. पण माझ्यासारख्या खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्यांना त्यात जागा नाही, आणि गावाकडची बरीचशी जनावरं आमच्याच हातात असतात. हे कोणीतरी वर पोचवायला हवं.

विद्यार्थ्यांसाठी एक सांगते. गाईड निवडताना स्कॉलरवर त्यांचं पान जरूर बघा, पण वरचे तीन आकडे बघून बंद करू नका. वर्षाप्रमाणे लावा, एकाच प्रश्नावर परत परत आलेत का ते बघा, त्यांच्यासोबत पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का ते बघा, आणि त्यांच्या कामाचा उल्लेख त्यांच्याच कॉलेजबाहेर कोण करतं ते बघा. आणि अलर्ट लावा. मी 'कॉपर, हेपॅटायटिस, डॉग' आणि 'लँटाना, कॅटल' असे दोनच लावलेत, कधी महिनाभर काही येत नाही, कधी सकाळी दूध तापत असतानाच मेल येते.

राणी आता साडेअकराची आहे. कलेजी बंद, पाणी स्टीलच्या पातेल्यात. काकू दर रविवारी तिला काट्यावर उभी करून वजनाचा फोटो पाठवतात, आणि पुढची एसजीपीटी दिवाळीच्या आधी करायची ठरलीय.